आठची गोळी

"सकाळी आठ. आठ म्हणजे आठ, सव्वाआठ नाही. पोटात काहीतरी घालायचं आणि मग गोळी. आणि एखादी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कळलं?"

औषधकेंद्रातल्या समुपदेशक ताईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. इतकं नीट ऐकलं मी त्यांचं, की त्या ऐकण्यानेच घात केला.

तेव्हा मला चौथा महिना लागला होता. दवाखान्यात नाव नोंदवायला गेले, दोघांचं रक्त घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावून आतल्या खोलीचं दार लावलं. एचआयव्ही मलाही होता, त्यालाही. कुणाकडून कुणाला, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. तो मालाची गाडी चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. त्याने त्याची बाटली गाडीच्या खणात ठेवली, मी माझी शिलाई मशीनच्या खणात. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायचं नाही एवढं येताना जिन्यातच ठरलं.

ताई म्हणाल्या होत्या, "गोळी रोज घेतलीस तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की बाळापर्यंत पोचतच नाहीत. काहीच घेतलं नाही तर तीन-चार बाळांमागे एकाला लागण होते." त्यांनी पहिलं वाक्य तीनदा सांगितलं आणि दुसरं एकदाच. मी मात्र दुसरंच घेऊन घरी आले. रस्त्यात अंगणवजा जागेत पोरं खेळत होती. मी चार मोजायचे आणि थांबायचे. पुन्हा चार मोजायचे. मोजायचं नाही असं ठरवलं, तरी मान आपोआप वळायची.

मी नेमाची बाई आहे. उठल्यावर दिवा, मग जप, मग मशीन. एका कारखान्याचे शर्ट घरी येतात, त्यांची काज-बटणं मी करते. आठवड्याला एक उपास माझा लग्न झाल्यापासून होता, आईंनी शिकवलेला. भीती बसली तेव्हा मी आणखी दोन धरले, बाळासाठी. तिन्ही निरंकार. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बाळाचा पहिला रिपोर्ट हाती येईपर्यंत करीन, असं देवापुढे हात जोडून बोलले. बाकी कुणाला सांगितलं नाही. सांगितलेला नेम फळत नाही, हे आईंनीच मला शिकवलेलं. त्या सकाळी सातला लॉंड्रीत जायच्या, दिवसभर चादरींना इस्त्री मारून संध्याकाळी यायच्या. मी दुपारी जेवले की नाही हे बघायला घरात मशीनशिवाय कुणी नव्हतं.

उपासाच्या दिवशी आठ वाजायचे. मी गोळी तळहातावर घ्यायचे. पोटात काही घालून घ्या, असं ताई म्हणाल्या होत्या, आणि पोटात काही घालायचं नव्हतं. संध्याकाळी घ्यावी तर आठ होऊन गेलेले. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत हेही बजावलेलं. मग ती गोळी मी बटणांच्या पत्र्याच्या डबीत टाकायचे. औषध टाकून कसं द्यायचं? दर महिन्याला केंद्रात बाटली उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. माझी बाटली नेहमी रिकामी. ताई वहीत खूण करायच्या आणि म्हणायच्या, "सगळ्या तुझ्यासारख्या असत्या तर मी घरी बसून लोणी खाल्लं असतं." मला बरं वाटायचं. उपासाचं फळ मिळायला लागलं असं वाटायचं.

आठव्या महिन्यात त्यांनी विषाणू मोजायला पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्टाच्या दिवशी मी बाकावर बसले होते. माझ्यानंतर आलेल्या दोघीजणी आधी आत गेल्या. मग मला हाक आली. ताईंनी बाटली मागितलीच नाही. समोरच्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे.

"गोळी रोज घेतेस ना?"

"आठला घेते. आठ कधी चुकवले नाहीत."

"उलटी होते का घेतल्यावर?"

"नाही."

"मग हे बावीस हजार कुठून आले गं? एव्हाना मोजायलासुद्धा सापडायला नकोत. तुझी बाटली तर दरवेळी रिकामी."

मला वाटलं, त्या माझ्यावर उधळेपणाचा संशय घेतायत. म्हणून घाईघाईने म्हणाले, "ताई, उरलेल्या मी जपून ठेवल्यात. एकसुद्धा वाया घालवली नाही."

"उरलेल्या?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. 

"किती आहेत?"

"बेचाळीस."

मग मी सगळं सांगितलं. तीन उपास, निरंकार, आठ वाजताचं रिकामं पोट, बटणांची डबी. सांगताना माझंच मला नीट वाटत होतं, कुठे काही चुकल्यासारखं दिसत नव्हतं. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र दिसत होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिवेलागणीला घेतली असतीस तरी चाललं असतं," त्या हळू म्हणाल्या. "रोजची वेळच दिवेलागणीची ठरवली असती आपण. जेवण नसतं तरी चाललं असतं. मळमळू नये म्हणून सांगते मी खाऊन घ्या."

मी टेबलाची कड धरली.

"चूक माझी आहे. येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, घरात कुणी दारू पितं का, गावाला जातेस का, गोळी लपवावी लागते का. उपास करतेस का, हे मी कुणालाच विचारत नाही. आणि तुझ्याकडे बघून तर काहीच विचारलं नाही."

"बाळाला लागला का?"

"ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझ्या वजनाचा कागद पाहिला आणि नाकावरचा चष्मा वर ढकलला. उपास आजपासून बंद, म्हणाल्या. गोळी रोज. महिन्याभराने पुन्हा मोजायचं. आकडा वरच राहिला तर पोट फाडून बाळ काढायचं, कारण बाहेर येतानाच धोका जास्त असतो. जन्मल्यावर बाळाला सिरप द्यायचं, नेहमीचे सहा नाही, बारा आठवडे. "आणि घरात कुणीतरी एकाला सांगा," ताई म्हणाल्या. "एकटीने हे पेलायचं नाही. गोळी गिळताना बघणारं माणूस पाहिजे."

घरी येताना माझ्या पोटात देवाची भीती आणि विषाणूची भीती एकाच पाटावर बसल्या होत्या. उपास सोडला तर दिलेला शब्द मोडतो, आणि तो शब्द बाळासाठीच दिलेला. उपास धरला तर बाळच. बाळाने लाथ मारली. एरवी मी हात ठेवायचे. त्या दिवशी हात ठेवायला धजले नाही. वाटलं, त्याला कळेल कुणाचा हात आहे.

आई लॉंड्रीतून आल्या, पाय धुतले आणि चहाचा कप घेऊन पायरीवर बसल्या. त्यांच्या उजव्या मनगटावर इस्त्रीच्या वाफेचे डाग आहेत, नवे-जुने. मी त्या डागांकडे बघत आजार, उपास, डबीतल्या गोळ्या, सगळं सांगितलं. डोळ्यांकडे बघून बोलता आलं नसतं. एचआयव्ही हा शब्द मी आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा खालच्या सायकल दुकानात कुणीतरी चाकाची हवा सोडत होतं.

त्यांनी कप पायरीवर ठेवला.

"त्यालाही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गोळ्या घेतो?"

"घेतो. गाडीत ठेवतो."

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मला वाटलं, आता माझं ताट वेगळं होणार. माहेरी कुणाला सांगायचं, किती कपडे भरायचे, मशीन नेऊ देतील की नाही, इथपर्यंत मी पोचले होते. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता.

"पोटुशी बाई आणि आठवड्यातून तीन-तीन दिवस निरंकार? ही अक्कल तुला कुणी शिकवली?"

"तुम्ही," मी म्हणाले.

"मी एक शिकवला होता."

"दोन मी वाढवले."

"आणि मला बोलली नाहीस."

"सांगितलेला नेम फळत नाही ना."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि माझ्याशेजारी बसल्या. इतक्या जवळ की त्यांच्या लुगड्याला येणारा स्टार्चचा वास मला आला. मग मी माझी खरी भीती सांगितली, देवाची. ऐकताना त्या मान हलवत होत्या. त्यांनाही ती खरी वाटत होती, म्हणून मला आणखीच भीती वाटली. आजाराचं कुणी समजावू शकतं. हे कोण समजावणार?

"शब्द मोडायचा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देता येतं. तू खाली ठेव, मी उचलते. तीन दिवस माझे."

"आई, तुम्हाला दिवसभर उभं राहायचं असतं. बीपी आहे."

"पाणी मी पिणार. आणि बीपीची गोळी घेणार. हे मी देवाला आत्ताच सांगून आले, आत काय भांडी घासत होते वाटलं तुला?"

"पण तुम्ही तर मला सांगून टाकलंत. मग फळणार कसा?"

"तुझ्या वयाच्या बायकांचा नेम मनातल्या मनात ऐकू येतो त्याला. माझ्या वयाचं मोठ्यानेच बोलावं लागतं."

मी हसले आणि मग रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉंड्रीच्या मुकादमाला सांगून कामाची वेळ सातची साडेआठ करून घेतली. गुडघ्याचं कारण दिलं. रोज आठला त्या माझ्यासमोर बसायच्या. मी गोळी गिळली की म्हणायच्या, "आ कर. जीभ वर. पोलिसात नोकरी मिळाली असती मला." मग स्वतःची बीपीची गोळी घ्यायच्या. तीन दिवस त्यांचं ताट पालथं असायचं. ते पालथं ताट बघून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि उतरला नाही की त्या डोळे वटारून बघायच्या.

महिन्याने रक्त दिलं. रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी, शर्टाला बटण लावताना, माझ्या कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधीच.

त्या प्रसूतीचं मी फार लिहीत नाही. कळांची भीती मला नव्हतीच. आकडा कुणालाच माहीत नव्हता. डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेत फोन लावत होत्या, तिकडे कुणी उचलत नव्हतं, आणि बाळ थांबत नव्हतं. "आता पोट फाडायला वेळ नाही, डोकं खाली आलंय," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी सिस्टरचा हात धरून म्हणाले, "आत ठेवा त्याला. रिपोर्ट येईपर्यंत आत ठेवा." कुणी ऐकत नाही असं पाहून मी बाळालाच सांगत होते, थांब, थांब. बाहेरची वाट माझ्याच रक्तातून होती.

मुलगी झाली. लगेच रडली. सिस्टरने तिला पुसून काढलं, अगदी हलक्या हाताने, कुठे खरचटू नये म्हणून. तासाभरात सुई नसलेल्या पिचकारीतून सिरप तिच्या गालाच्या आत सोडलं. दुसऱ्या दिवशीचं सिरप मी दिलं. ती मिटक्या मारून गप्प झाली आणि थोड्या वेळाने तिने सगळं बाहेर काढलं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायचं, नंतर झाली तर नाही, असं सांगितलेलं. मी घड्याळ बघितलंच नव्हतं. पुन्हा दिलं तर जास्त होईल, नाही दिलं तर त्या दिवसाचं गेलं. बाळ मांडीवर आणि मी दगड. आई पलीकडच्या कॉटवर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं. मी बघत होते. बोलाव सिस्टरला."

तिसऱ्या दिवशी तो रिपोर्ट आला. बावीस हजारांचे नऊशे झाले होते. "पुष्कळ उतरले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं, "उतरले, पण गेले का?" त्या म्हणाल्या, "नाही. गेले नाहीत."

घरी आल्यावर आईंनी बाळाचं नाव गाठोडं ठेवलं, लॉंड्रीत बांधतात तसं ती दिसायची म्हणून. बाळाला फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. वरचं दिल्याने आतडी नाजूक होतात आणि विषाणूला वाट मिळते, असं ताईंनी आईंना समोर बसवून समजावलं होतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण, जिला आम्ही भोंगा म्हणतो, साखरेच्या पाण्याची वाटी घेऊन बाळ बघायला आली आणि बोट बुडवून पुढे झाली. आईंनी तिचं मनगट धरलं.

"ते बोट आधी स्वतःच्या तोंडात घाल."

"अगं, दोन थेंबांनी काय होतंय? आमची सहा वाढली की."

"वाढली. आता चार दिवस वर येऊ नकोस."

भोंगा रुसून गेली आणि चौकात सगळ्यांना सांगत सुटली की म्हातारी नातीला बघू देत नाही. आई म्हणाल्या, सांगू दे. कुणी वर तरी येणार नाही.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे पाच ठिपके घेतले. त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले, ते मलाच नीट आठवत नाही. तिला शिंक आली की मी कपाळाला हात लावायचे. दूध कमी प्यायली की वजनाचा कागद काढायचे. पाजताना तर सगळ्यात वाईट. ती डोळे मिटून ओढायची, बोटांनी माझी साडी धरायची, आणि मला वाटायचं, मी हिला काय पाजतेय? बेचाळीस सकाळी मी हिच्यासाठी उपाशी राहिले आणि बेचाळीस सकाळी हिचं औषध डबीत टाकलं. जप करताना माळेचे मणी सुटायचे.

नवरा एकदा दोन दिवस आला. बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. जाताना म्हणाला, "रिपोर्ट आला की फोन कर." मग जिन्यातून परत वर आला. "चांगला नसला तरी कर."

एका दुपारी ताईंचा फोन आला. "उद्या ये. बाळाला घेऊन ये."

"रिपोर्ट काय आहे?"

"फोनवर सांगायचा नियम नाही गं. ये तू."

बाळाला घेऊन कशाला? चांगलं असतं तर आवाजात कळलं नसतं का? रात्र मी बाळाच्या छातीवर नजर ठेवून काढली. सकाळी आठला गोळी घेतली. त्या दिवशी आईंचा उपास होता. त्यांनी रजा टाकली आणि बरोबर आल्या.

ताईंनी आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही. दार लावायच्या आधीच म्हणाल्या, "नाही सापडला. बाळात विषाणू नाही सापडला."

मी खाली बसले, फरशीवरच. आईंनी बाळ घट्ट धरलं होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे सुटलो?"

"अजून नाही," ताई म्हणाल्या. "बारा आठवडे पुरे होईपर्यंत सिरप. अंगावर पाजते तोवर हिची एकही गोळी चुकायला नको, दुधातून जाऊ शकतो. सहाव्या महिन्यात पुन्हा तपासायचं. दूध तुटलं की पुन्हा. दीड वर्षाची झाल्यावर शेवटचं. बाळाचं वजन करायचं म्हणून बोलावलं हो, घाबरलात का?"

आईंनी बाळाचं दुपटं सोडलं आणि तिला वजनकाट्यावर ठेवलं.

घरी येऊन मी नवऱ्याला फोन केला. पलीकडे त्याने गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "आणि तुझी गोळी?" मी म्हणाले, घेतली. संध्याकाळी दिवा लावून आईंपुढे ताट ठेवलं आणि म्हणाले, "रिपोर्ट हाती आला. बोललेलं पुरं झालं. आता उपास सोडा."

"ते तू बोलली होतीस, पहिल्या रिपोर्टापर्यंत," त्या म्हणाल्या. "मी वेगळं बोललेय. अंगावर पितेय तोवर."

"कधी बोललात?"

"त्या दिवशी. भांडी घासताना."

"आई, वर्ष-दीड वर्ष आहे ते."

"मग? तुझ्या गोळ्या दीड वर्षात संपणार आहेत का? जेव आता."

पुढचा उपास एक दिवसाआड आला. आठ वाजले तेव्हा बाळ मांडीवर पीत होतं. मी डाव्या हाताने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, तोंड उघडून दाखवलं. आईंनी मान हलवली. त्यांनी त्यांची बीपीची गोळी अर्धा पेला पाण्याबरोबर घेतली, पेला विसळून पालथा घातला. बाळाच्या टाळूवरून एक बोट फिरवलं. मग पिशवी खांद्याला अडकवली, चपला पायात सरकवल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी, कामाला निघाल्या.